प्रारण चिकित्सेतील संगणकीय सदृशीकरण

कर्करोगाच्या रुग्णावर प्रारणाचा (तरंगरूपाने वा कणरूपाने बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा) उपचार सुरू करण्यापूर्वी त्याच्या शरीराची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात तयार करणे, तिच्यावर तो उपचार आधी करून पाहणे आणि प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी रुग्णाचे शरीर कोणत्या स्थितीत ठेवावयाचे हे निश्चित करणे, या क्रियेला प्रारण चिकित्सेतील सदृशीकरण म्हणतात. शस्त्रक्रियेत अर्बुद (ऊतकांच्या अपसामान्य वाढीमुळे झालेली गाठ) शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांना दिसते व हाताला लागते. प्रारण चिकित्सेत तसे नसते. अर्बुद त्वचेखाली कित्येक सेंमी. खोल असते, प्रारण दिसत नाही आणि ते शरीरातून जात असताना रुग्णाला काही जाणवतही नाही. बोलीभाषेत या उपचाराला ‘शेक देणे’ किंवा ‘लाइट देणे’ असे म्हणतात. परंतु त्यात ऊब लागत नाही व उजेडही दिसत नाही. चूक झाली तर ती त्या क्षणी कोणाच्याच लक्षात येत नाही. तिचे परिणाम काही आठवड्यांनी, कधीकधी काही वर्षांनी दिसू लागतात. म्हणूनच या चिकित्सेत प्रत्यक्ष उपचाराइतकेच महत्त्व त्याच्या पूर्वतयारीला आहे.

शोषित मात्रा ग्रे या एककात मोजतात. १ किग्रॅ. वस्तुमानाच्या पदार्थात १ जूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे ती मात्रा १ ग्रे होते. तोंड, घसा व मान यांच्या कर्करोगात साधारणपणे ६० ते ७० ग्रे मात्रा द्यावी लागते. ती रोज २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस, अशी सहा ते सात आठवडे विभागून देतात. कारण दोन उपचारांच्या मधल्या काळात निरोगी कोशिका आपली हानी अर्बुदातील कोशिकांपेक्षा अधिक चांगल्या प्रकारे भरून काढू शकतात. याच भागात, अर्बुदापासून अवघ्या काही सेंमी. अंतरावर, मेरुरज्जू असतो. त्याला ४५ ते ५० ग्रेच्या फार पलीकडे मात्रा मिळाल्यास पक्षाघाताचा धोका संभवतो. उलट अर्बुदाला कमी मात्रा मिळाल्यास रोग पुन्हा उद्भवतो. या दोन्ही धोक्यांमधील जागा अरुंद आहे. प्रारण एकके व मापन यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्ये काही अर्बुदांच्या बाबतीत लक्ष्याला मिळणारी मात्रा ±५ टक्क्यांच्या आत अचूक असावी, असे मत मांडले व ते पुढे सर्वत्र प्रमाण मानले गेले.

खोल असलेल्या अर्बुदाला एकाच दिशेने प्रारण देऊन भागत नाही. सहा दशलक्ष व्होल्ट विद्युत् दाबाने निर्माण केलेल्या क्ष-किरणांची मात्रा शरीरात सु. १.५ सेंमी. खोलीवर सर्वाधिक असते व १० सेंमी. खोलीवर ती जवळजवळ दोन-तृतीयांश उरते; म्हणजे वाटेतील निरोगी भागाला अर्बुदापेक्षा जास्त मात्रा मिळते. यावर उपाय म्हणजे अनेक दिशांनी शलाका सोडून त्या अर्बुदाच्या ठिकाणी एकमेकींना छेदतील अशी योजना करणे. त्यामुळे प्रश्न मुख्यतः भूमितीचा होतो : शलाका किती, कोणत्या कोनातून, कोणत्या आकाराच्या व किती वेळ सोडावयाच्या. या प्रश्नाचे उत्तर कागदावर काढणे किती कष्टाचे होते हे इतिहासावरून दिसते.

इतिहास : क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागल्यानंतर ते लवकरच उपचारासाठी वापरले जाऊ लागले, पण सुरुवातीच्या काळात मात्रेचा अंदाज त्वचा किती लाल होते यावरून करीत. पुढे मोजमापाची साधने सुधारली व सममात्रा रेषांचे (ज्यांवरील सर्व बिंदूंना सारखी मात्रा मिळते अशा रेषांचे) तक्ते तयार झाले. उपचाराचे नियोजन करताना रुग्णाच्या शरीराभोवती लवचिक तार वळवून तिच्या साहाय्याने शरीराच्या छेदाची बाह्यरेषा कागदावर उतरवीत, अर्बुदाची जागा क्ष-किरण चित्रावरून अंदाजाने त्यात दाखवीत आणि पारदर्शक कागदावरील तक्ते त्यावर निरनिराळ्या कोनांत ठेवून बिंदूगणिक मात्रांची बेरीज करीत. एका योजनेला काही तास लागत. म्हणून एकाच छेदाचा विचार होई व पर्यायी योजना करून पाहण्यास सवड नसे. न्यूयॉर्क येथील के. सी. च्येन यांनी १९५५ मध्ये ही बेरीज छिद्रित पत्रे वापरणाऱ्या स्वयंचलित गणनयंत्रावर करून दाखविली. प्रारण चिकित्सेत गणनयंत्राचा उपयोग करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय.

याच सुमारास प्रारणाची साधनेही बदलली. कोबाल्ट (६०) या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा (तोच अणुक्रमांक पण भिन्न अणुभार असलेल्या मूलद्रव्याच्या प्रकाराचा) वापर करणारी उपचारयंत्रे १९५१ मध्ये कॅनडात सुरू झाली, तर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ मध्ये रैखिक वेगवर्धकावर पहिला रुग्ण घेण्यात आला. या यंत्रांची प्रारणे अधिक भेदक असल्यामुळे खोलवरची अर्बुदे आटोक्यात आली, पण त्याबरोबर नेमकेपणाची गरजही वाढली. त्यासाठी सदृशीकरण यंत्रे तयार झाली. उपचारयंत्रासारखीच फिरती भुजा, तसेच टेबल व तेवढेच अंतर, मात्र प्रारणाच्या जागी निदानासाठी वापरतात तशी क्ष-किरण नळी, असे त्यांचे स्वरूप होते. रुग्णाला त्यावर निजवून शलाकेच्या मार्गात कोणती हाडे येतात हे क्ष-किरण चित्रात पाहत आणि त्वचेवर खुणा करीत. या यंत्रांत हाडे दिसत, परंतु अर्बुद बहुधा दिसत नसे. त्याची जागा हाडांवरून ताडावी लागे.

ही उणीव संगणकीय छेददर्शनाने दूर केली. व्यवहारात यालाच सीटी स्कॅन म्हणतात. या तंत्राच्या गणिताचा एक उगम प्रारण चिकित्सेतच आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. केप टाउन येथील भौतिकीविज्ञ ॲलन कॉरमॅक १९५६ मध्ये तेथील ग्रूट स्किर रुग्णालयात आठवड्यातील काही वेळ काम करीत असत. उपचाराच्या योजना आखताना सर्व शरीर एकाच घनतेचे आहे असे गृहीत धरले जाते, हे तेथे त्यांच्या पाहण्यात आले. फुप्फुस, स्नायू व हाड यांत प्रारणाचे क्षीणन (तीव्रता कमी होणे) वेगवेगळ्या प्रमाणात होते. तेव्हा शरीराच्या आत प्रत्येक ठिकाणी ते किती होते हे बाहेरून घेतलेल्या मापनांवरून काढता येईल का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. त्याचे उत्तर त्यांनी १९६३ व १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे प्रत्यक्ष यंत्र तयार केले आणि १९७१ मध्ये त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. दोघांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा रीतीने नियोजनाच्या अडचणीतून सुचलेले तंत्र निदानाच्या मार्गाने पुन्हा नियोजनाकडे आले. उपचाराच्या शलाकेच्या दृष्टीने शरीराचे आंतरिक चित्र संगणकाच्या पडद्यावर रेखाटण्याच्या पद्धती १९८० च्या आसपास तयार झाल्या व १९८७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी ‘आभासी सदृशीकरणा’ची संपूर्ण कल्पना मांडली. तीत रुग्णाचे फक्त छेददर्शन होते. पुढील सर्व काम रुग्ण घरी गेल्यावर त्याच्या संगणकातील प्रतिकृतीवर चालते.

रुग्णस्थितीची निश्चिती : संगणकातील प्रतिकृती कितीही सूक्ष्म असली, तरी रुग्ण उपचाराच्या तीसपस्तीस दिवसांपैकी प्रत्येक दिवशी तिच्याबरहुकूम निजला नाही, तर तिचा उपयोग नाही. म्हणून नियोजनासाठी घ्यावयाचे छेददर्शन निदानासाठी घेतलेल्या छेददर्शनाहून वेगळे असते व आधीचे चित्र हाताशी असले, तरी ते पुन्हा करावे लागते. निदानाच्या यंत्राचे टेबल रुग्णाच्या सोईसाठी खोलगट असते. उपचारयंत्राचे टेबल सपाट असते. खोलगट टेबलावर पाठ वाकते व अवयवांची परस्पर स्थाने बदलतात, म्हणून छेददर्शन यंत्रावरही कार्बन तंतूंचा सपाट तक्ता बसवितात. स्थिती अशी निवडतात, की रुग्णाला ती पंधरावीस मिनिटे न हलता सहन व्हावी. अवघडलेला रुग्ण नकळत हलतो. त्यामुळे रुग्णाची सोय ही येथे केवळ दयाभावाची बाब नसून अचूकतेची अट आहे.

डोके व मान यांच्या उपचारात मुखवटा वापरतात. उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा सच्छिद्र पत्रा सु. ६५° ते ७०° से. तापमानाच्या पाण्यात बुडवून काढतात, तो रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणून टेबलाला जोडतात आणि काही मिनिटांत तो चेहऱ्याच्या आकारात घट्ट होतो. काही रुग्णांना यात कोंडल्यासारखे वाटते. त्यांना आधी समजावून सांगितल्यास बहुतेकांची भीती कमी होते. स्तनाच्या उपचारात उतरत्या फळीवर पाठ टेकवून हात डोक्यावर आधारात ठेवतात. ओटीपोटाच्या उपचारात गुडघ्यांखाली व पावलांना आधार देतात अथवा बारीक मण्यांनी भरलेल्या पिशवीतील हवा काढून घेऊन तिचा शरीराबरहुकूम साचा बनवितात. मूत्राशय भरलेले की रिकामे हेही ठरवावे लागते. भरलेल्या मूत्राशयामुळे आतडी वर ढकलली जातात व शलाकेच्या मार्गातून दूर राहतात. मात्र रोज ठरलेल्या वेळी ठरलेले पाणी पिऊन येणे रुग्णाच्या हाती असते.

स्थिती ठरली म्हणजे खोलीच्या दोन्ही भिंतींवरून व छतावरून सोडलेल्या लेसर किरणांच्या रेषा शरीरावर जेथे छेदतात तेथे खुणा करतात व त्यांवर धातूचे बारीक मणी ठेवतात. हे मणी चित्रात दिसत असल्यामुळे संगणकातील प्रतिकृतीचा व रुग्णाच्या त्वचेचा सांधा जुळतो. काही ठिकाणी खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून गोंदणाचे बारीक ठिपके करतात. नंतर दोन-तीन मिमी. अंतराने छेदचित्रे घेतात. उपचारखोलीतही तशाच लेसर रेषा असतात आणि त्या यंत्राच्या समकेंद्राशी (भुजा ज्या बिंदूभोवती फिरते त्या बिंदूशी) मिळविलेल्या असतात. सरकण्यापेक्षा वळणे अधिक फसवे असते : समकेंद्रापासून १५ सेंमी. दूर असलेला भाग शरीर केवळ २° वळल्यामुळे सु. ५ मिमी. सरकतो, जरी समकेंद्राजवळची खूण अगदी बरोबर जुळलेली असली.

नियोजन : छेदचित्रे संगणकात आल्यावर चिकित्सक प्रत्येक चित्रात अर्बुदाची सीमा रेखाटतो. त्याभोवती न दिसणारा सूक्ष्म प्रसार गृहीत धरून दुसरी सीमा, तर रुग्णाची स्थिती व अवयवांची हालचाल यांतील अनिश्चिततेसाठी तिसरी सीमा ठरवितात. शेजारचे नाजूक अवयवही रेखाटतात. सीमेची रुंदी किरकोळ वाटली तरी तिचा परिणाम मोठा असतो. ५ सेंमी. व्यासाच्या गोलाचे घनफळ सु. ६५ घ.सेंमी. असते, त्याभोवती सर्व बाजूंनी १ सेंमी. जागा सोडली, तर ते सु. १८० घ.सेंमी. म्हणजे पावणेतीन पट होते. तीच जागा अर्धा सेंमी. ठेवल्यास ते सु. ११३ घ.सेंमी. होते. रुग्ण अधिक स्थिर ठेवता आल्यास किती निरोगी ऊतक वाचते, हे यावरून दिसते.

छेदचित्रातील प्रत्येक घटकाला हाउन्सफील्ड मापक्रमानुसार अंक असतो : हवेला –१,०००, पाण्याला शून्य, तर हाडाला कित्येक शेकडे. या अंकावरून त्या ठिकाणची इलेक्ट्रॉन घनता काढतात व तीवरून प्रारण तेथे कसे शोषले व विखुरले जाईल ते गणिताने मिळते. दातांत भरलेल्या धातूमुळे किंवा कृत्रिम सांध्यामुळे चित्रात चट्टे उमटतात व तेथील अंक खोटे ठरतात. ते हाताने दुरुस्त करावे लागतात. मात्रेच्या गणनेच्या पद्धतींत माँटे कार्लो पद्धत सर्वांत मूलगामी आहे. मोनाको येथील द्यूतगृहांच्या स्थानावरून हे नाव पडले असून १९४० नंतरच्या दशकात लॉस ॲलॅमॉस येथे ही पद्धत विकसित झाली. तीत एकेका कणाचा प्रवास संभाव्यतेच्या नियमांनुसार, जणू फासे टाकून, संगणकात घडवून आणतात व अशा कोट्यवधी प्रवासांच्या बेरजेतून मात्रा मिळते. फुप्फुसासारख्या विरळ भागात साध्या पद्धती चुकतात, तेथे तिची मदत होते.

पूर्वी नियोजक शलाका निवडी व संगणक मात्रा सांगे. व्यस्त नियोजनात हा क्रम उलटा असतो : अर्बुदाला किती मात्रा हवी व कोणत्या अवयवाला कितीपेक्षा जास्त नको हे नियोजक सांगतो आणि प्रत्येक शलाकेची तीव्रता तिच्या छेदात कोठे किती असावी हे संगणक शोधतो. स्टॉकहोमचे आंडेर्स ब्रामे यांनी १९८० नंतरच्या दशकात याचा सैद्धांतिक पाया घातला. अशी कमीअधिक तीव्रतेची शलाका मिळविण्यासाठी यंत्राच्या तोंडाशी टंगस्टनाच्या पातळ पट्ट्या असतात व त्या संगणकाच्या आज्ञेने स्वतंत्रपणे सरकतात. या पद्धतीमुळे लाला ग्रंथी पुष्कळ प्रमाणात वाचविता येऊ लागल्या आणि उपचारानंतर आयुष्यभर कोरड्या तोंडाने राहण्याची आपत्ती अनेकांची टळली. तथापि संगणकाला जे सांगितले तेच तो साधतो; ज्या अवयवाची सीमा रेखाटलेली नाही त्याची तो पर्वा करीत नाही.

श्वसनाबरोबर फुप्फुसातील अर्बुद १ सेंमी. वा अधिक हलू शकते. त्यासाठी श्वसनचक्राच्या निरनिराळ्या अवस्थांतील छेदचित्रे वेगवेगळी लावून चतुर्मितीय प्रतिकृती करतात. डाव्या स्तनाच्या उपचारात रुग्णाला दीर्घ श्वास रोखून धरण्यास सांगतात. त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जाते. उपचाराच्या टेबलावरच रुग्णाचे छेददर्शन करण्याची सोय २००० नंतर वेगवर्धकांत आली व त्या दिवसाचे चित्र नियोजनाच्या चित्राशी जुळवून टेबल काही मिमी. सरकविणे नित्याचे झाले. सहा-सात आठवड्यांत रुग्णाचे वजन घटते, अर्बुद आकसते आणि मुखवटा सैल होतो. अशा वेळी सदृशीकरण पुन्हा करावे लागते. रेखाटनाच्या कामात स्वयंशिक्षित संगणकीय प्रणालींचा उपयोग अलीकडे वाढला असला, तरी त्यांनी काढलेल्या सीमा चिकित्सकाने तपासाव्या लागतात.

चुका व पडताळणी : संगणकाच्या वापराने आकडेमोडीच्या किरकोळ चुका कमी झाल्या, परंतु जी चूक राहते ती प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत होत राहते. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे १९८२ मध्ये संगणकीय नियोजन सुरू झाले. अंतरानुसार मात्रेत करावयाची सुधारणा ही प्रणाली स्वतःच करीत असे; पण जुन्या सवयीप्रमाणे ती हातानेही केली जात राहिली. सुधारणा दोनदा झाल्यामुळे सु. १,००० रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी मात्रा मिळाली, काहींना सु. ३० टक्क्यांपर्यंत कमी. १९९१ मध्ये नवी प्रणाली आली तेव्हा आकडे जुळेनात व चूक उघड झाली. पनामा येथे २०००–०१ मध्ये उलट घडले. तेथील प्रणालीत एका शलाकेसाठी निरोगी भाग झाकणारे चारच ठोकळे नोंदविता येत. पाचवा हवा म्हणून सर्व ठोकळ्यांच्या कडा एकच ठोकळा असल्याप्रमाणे नोंदविण्याची युक्ती काढण्यात आली. कडा विशिष्ट प्रकारे नोंदविल्यास संगणक उपचाराचा काळ जवळजवळ दुप्पट काढी व कोणतीही सूचना देत नसे. २८ रुग्णांना अतिमात्रा मिळाली व त्यांपैकी काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी एक साधी गोष्ट पुरेशी होती : एका बिंदूची मात्रा स्वतंत्रपणे हाताने काढून संगणकाच्या उत्तराशी ताडणे, किंवा पाण्याने भरलेल्या पेटीत ती प्रत्यक्ष मोजणे. म्हणून आज प्रत्येक योजनेची दुसऱ्या व्यक्तीकडून वा दुसऱ्या प्रणालीकडून स्वतंत्र पडताळणी करण्याची पद्धत आहे.

भारत : तंबाखूच्या सेवनामुळे भारतात तोंड व घसा यांच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे आणि त्यामुळे मुखवटा, मेरुरज्जू व लाला ग्रंथी यांविषयीचे वरील विवेचन येथील रुग्णालयांना विशेषच लागू पडते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट (६०) वापरणारे उपचारयंत्र विकसित केले; त्याचा पहिला संच नवी मुंबईतील खारघर येथील कर्करोग संशोधन केंद्रात बसविण्यात आला. वेगवर्धकाला लागणारी स्थिर वीज व दुरुस्तीची सोय जेथे नसते, तेथे अशी यंत्रे उपयोगी पडतात. याच केंद्राने त्याला पूरक असे अंकीय सदृशीकरण यंत्रही तयार केले आहे. प्रारण चिकित्सा विभागांना परवाना देणे व तेथील सुरक्षिततेवर देखरेख ठेवणे हे काम १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते; उपचारयंत्राबरोबरच अर्हताप्राप्त वैद्यकीय भौतिकीविज्ञ असणे त्यासाठी आवश्यक आहे. यंत्रे व तज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असल्यामुळे ग्रामीण रुग्णाला सदृशीकरणाच्या दिवसापासून उपचार संपेपर्यंत दोन-दोन महिने घर सोडून राहावे लागते. काही जण मध्येच उपचार सोडून परततात आणि तसे झाल्यास नेमकेपणाने आखलेली मात्रा अपुरी राहते.